उजवी वायर, डावी वायर

दवाखान्यात ईसीजीची पट्टी दिसली की अजून आमचे मालक नाना आठवतात. धुळ्याच्या आमच्या कारखान्यातलं प्रत्येक ईसीजी मशीन ते आधी स्वतःच्या छातीला लावायचे. शर्ट काढून टेबलावर आडवे होत ओरडायचे, "आटपा, गाडी उभी शे!"

नववीत शाळा सुटलेली मी, घरापासून लांब, तिथं वायरी जोडायचे. एकदा घाईत नानांची तपासणी राहिली. खोकी गाडीत चढली आणि मला आठवलं, एका मशीनच्या उजव्या-डाव्या वायरी मी उलट जोडल्यात. नोकरी गेली असं धरूनच सांगितलं.

नानांनी बठ्ठी, अगदी सगळी खोकी उतरवली. मशीन मागवलेल्या चोपड्याच्या डॉक्टरांना फोन लावला, "साहेब, मशीन उद्या. वायर माझ्याकडून उलट लागली."

मग शर्टाची बटणं काढत मला म्हणाले, "चल पोरी, आजपासून तू तपास."