ताटात उरलेले मटार

सकाळची प्रार्थना झाली, ओटा पुसला आणि आधी वही उघडली. कालचं विसरायचं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर ट्रॉलीमावशी राहतात. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून वॉर्डात जेवणाची ट्रॉली ढकलण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली, म्हणून हे नाव. लेक परदेशात. नात सहा वर्षांची, तिला फक्त इंग्रजी येतं. दर रविवारी दुपारी लेक फोन लावून पोरीच्या हातात देते. ट्रॉलीवरच्या पथ्याच्या कार्डांमुळे मावशींना येतं ते एवढंच इंग्रजी: फूड, फुल, सॉफ्ट, लिक्विड. त्या विचारायच्या, "फूड? फुल?" नात "येस" म्हणायची आणि पळायची.

"आठवडाभर वाट बघायची आणि पदरात काय, तर एक येस," मावशी मला म्हणाल्या. "तू शाळेत शिकलीयेस ना? दे की चार शब्द."

मी मुद्दाम ऐसपैस शब्द निवडले. व्हेजिटेबल, फ्रूट, मील. म्हटलं, एका शब्दात दहा भाज्या उरकतील, म्हाताऱ्या जिभेला त्रास नको. पुढच्या रविवारी मावशींनी तिन्ही विचारले. तीन येस आले आणि पोरगी पळाली.

मी ओशाळले. मावशी म्हणाल्या, "अगं, चुकलं माझंच. वॉर्डात मी कधी असं विचारलं का? जेवलात का म्हटलं की सगळे हो म्हणतात, उपाशी असलेलासुद्धा. मी परत आलेलं ताट बघायची. आजोबा, गाजर का ठेवलंत, दात दुखतोय का? मग आजोबा दाताचं सांगायचे, दातावरून सुनेवर यायचे. शेवटी नर्स ओरडायची, मावशी, ट्रॉली पुढे घ्या!"

"पण नातीचं ताट तुम्हाला दिसणार कुठे?"

त्या हळूच म्हणाल्या, "लेकीला विचारून घेतलंय. मटार उरवते म्हणे. मटारांना काय म्हणतात गं?"

मुलाच्या जुन्या शब्दकोशात बघून सांगितलं. आठवडाभर मावशी जिन्यात "पीज, पीज" करत होत्या. वरचे शिंपीकाका म्हणाले, "मावशी, जपाला नवा मंत्र घेतलात वाटतं?"

"तुम्ही आपला कपडा कापा!"

काल त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. "पीज? नो?" या वेळी येस आला नाही. आणि मग पोरगी जी सुटली! मावशींनी घाईघाईने फोन माझ्या कानाला लावला. मला तुटक तुटक कळलं. मटार ती बटाट्याखाली लपवते. आईला सांगायचं नाही.

मी सांगितलं तशा मावशी हसल्या, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. "सांग तिला, नाही सांगणार म्हणावं." मी वाक्य जुळवतेय तोवर लेकीने फोन घेतला. बाहेर जायचंय, म्हणाली आणि ठेवला.

मावशी फोन हातात धरून बसून राहिल्या.

"चांगली चार मिनिटं बोलली," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा, "कशी गं लपवत असेल? चमच्याने सारते की बोटांनी?"

देवा, ते उष्टं ताट एकदा तरी त्यांच्या हाताने उचलू दे.

उठताना त्यांनी चमचा आणि बोट, दोन्हीचे शब्द माझ्याकडून कागदावर लिहून घेतले.