समोरच्या दारातला पाट

बाळांनो, गेल्या रविवारी फोनवर तुमच्यापैकी एक जण म्हणाला, "आजी, शेजाऱ्यासाठी करायचं तेवढं केलं, आता पुरे." मला एक दिवस आठवला. तो दिवस बघितलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून लिहिते.

निजामाची सत्ता संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन थोडे दिवस झाले होते. मी आठ वर्षांची होते. छावणीजवळच्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घरांनी दारांवर चुन्याने क्रूस काढले होते. मुसलमानांची घरं लुटायला येणाऱ्यांनी आपल्याला वगळावं, एवढाच त्याचा अर्थ. समोर निजामाच्या कचेरीतल्या एका मुसलमान कारकुनाचं घर होतं. तो पकडला गेला होता. आत त्याची बायको आणि तिची अंग लुळं पडलेली सासू. याच सासूने उन्हाळ्यात, हिंडतीफिरती असताना, विहिरीवर आमची भरलेली घागर पायाने कलंडवली होती. सगळ्या गल्लीने ते पाहिलं होतं.

दुपारी औरंगपुऱ्याच्या बाजूने ओरडा ऐकू आला. आई समोर धावली. "भाभी, आमच्याकडे चला."

"सास को छोड़ के मैं नै आती," ती म्हणाली. म्हातारीला उचलायला चार माणसं लागली असती.

आई परत आली आणि तिने चुन्याचं मडकं उचललं. बाबा दारात आडवे आले. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते.

"तिथं क्रूस काढणार? ते खोटं होईल. आणि एकदा कळलं की आपल्या क्रूसावर तरी कोण विश्वास ठेवील?"

"मग काय करू?"

"बोलावलंस, ती आली नाही. आपलं काम झालं."

आईने मडकं खाली ठेवलं. स्वयंपाकघरातला पाट घेतला, तुरीची डाळ घातलेलं सूप घेतलं आणि समोरच्या दारात जाऊन ती डाळ निवडत बसली. दाराला आतून कडी लागली.

दहा-बारा माणसं आली. हातात काठ्या, एकाकडे पहार. मी खिडकीच्या गजांना धरून होते.

"बाई, हितं काय करताय?"

"डाळ निवडते."

"तुमचं घर तर त्ये समोर हाय. उठा."

"आत आजारी म्हातारी आहे. ओरडू नका."

त्यांच्यातला एक आमच्याच गल्लीच्या टोकाला राहणारा होता. तो हसला. "व्हय, तीच म्हातारी! तुमची घागर लाथाडली तिनं. इसरलात?"

"नाही विसरले," आई म्हणाली. तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. "मला त्या दिवसाची तहान आठवते. तिला पाणी पाजायला कुणी तरी हवं ना."

"लई झालं. व्हा बाजूला!" पहारवाला पुढे सरकला.

तेव्हा माझ्या मागून बाबा निघाले. अंगात शाळेचा कोट. ते सावकाश गल्ली ओलांडून गेले आणि आईशेजारी जमिनीवरच बसले. मग त्यांनी मान वर करून एकेकाचा चेहरा पाहिला.

"तुझा धाकटा तिसरीत ना?" ते पहारवाल्याला म्हणाले. "सोमवारी शाळा उघडतोय. पाठव त्याला. पाढे कच्चे आहेत."

पहारवाल्याची नजर खाली गेली. ओळख पटलेल्या माणसासमोर दार फोडणं त्याला जड गेलं असावं. "चला रे," तो पुटपुटला. जाता जाता कुणी तरी सुपाला लाथ मारली.

आई अंधार पडेपर्यंत उठली नाही. आतून कडी निघाली तेव्हा भाभीने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. आईने तो घेतला, आत जाऊन आधी म्हातारीला पाजलं आणि मग स्वतः प्यायली.

ती दोन्ही घरं रस्ता रुंद करताना गेली. विहीर बुजवली. पाट माझ्याकडे आहे. एका कोपऱ्याला चिरलाय, पण बसता येतं.