मैद्याच्या डब्यातली पूड

तिला सगळे ग्रॅमकाकू म्हणतात. तीस वर्षं ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. निवृत्त झाल्यावर तिने ओव्हन घेतला आणि तिथला काटेकोरपणा स्वयंपाकघरात आणला. चिमूटभर मीठसुद्धा काट्यावर. सुरुवातीचे पाव असे दगड झाले, की त्यातला एक काकांनी दार अडवायला लावला. काकू चिडली, पण हटली नाही. दोन वर्षांत हात असा बसला, की कुणी आजारी पडलं की काकूचं बटाट्याचं सूप आणि मऊ पाव, आणि वाढदिवस असला की काकूकडे केकची ऑर्डर.

रेल्वे फाटकापलीकडच्या एका बाईंनी मुलीच्या सातव्या वाढदिवसाचा केक सांगितला. मुलीला बदाम-अक्रोडाची अ‍ॅलर्जी होती. कणभर पोटात गेलं तरी घसा सुजायचा, श्वास कोंडायचा. बाहेरचा केक तिने जन्मात खाल्ला नव्हता. आई आधी दोनदा येऊन स्वयंपाकघर पाहून गेली.

“काकू, माझा जीव तुमच्या हातात आहे,” ती म्हणाली.

“निर्धास्त राहा. भांडी उकळून घेते,” काकू म्हणाली. आणि तिने ती खरंच उकळली.

अडीच वाजता मुलीचे बाबा केक घेऊन गेले. पाच वाजता कापायचा होता.

साडेचारला काकूने उद्याच्या बिस्किटांची तयारी काढली. वरच्या कपाटात हात घातला, तर बदामाच्या पुडीची पिशवी नाही.

“अहो, इथली पांढरी पिशवी कुठे गेली?”

काका पेपरात डोकं खुपसून बसले होते. “मैद्याची ना? परवा डबा तळाला गेला होता, म्हणून ओतली त्यात. म्हटलं, तुझं तेवढंच काम हलकं.”

काकूने मैद्याचा डबा उघडला, चिमूट घेऊन बोटांत चोळली. रवाळ, किंचित तेलकट. सकाळी चाळणीत जाडसर कण उरले होते, ते तिला आठवलं. हवा दमट आहे, गुठळ्या झाल्या असतील, असं समजून तिने ते चमच्याने दाबून खाली ढकलले होते.

“ते बदाम होते,” ती एवढंच म्हणाली.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. बाबांनाही लावला. कुणी उचलेना. तोवर काकांनी स्कूटर काढली होती. एरवी सायकलवाले त्यांना मागे टाकून जातात, आज वळणावर दोनदा तोल गेला, तरी काकू मागून म्हणत होती, “जोरात हो, जोरात!”

फाटक बंद. समोर मालगाडी येऊन थांबलेली, हलायचं नाव नाही. पाचला आठ मिनिटं कमी होती. काकू उतरली आणि पादचारी पुलाच्या पायऱ्यांना भिडली. तिचा डावा गुडघा वर्षभर कुरकुरत होता. कठड्याला धरून ती एकेक पायरी स्वतःला ओढत चढली, पलीकडे उतरली आणि चपला हातात घेऊन पळत सुटली.

दिवाणखान्यात पंधरा-वीस पोरं गाणं म्हणत होती. केक कापून झाला होता. आईने पहिला तुकडा उचलून मुलीच्या तोंडाशी नेला होता. काकूला हाक मारायला श्वासच उरला नव्हता. ती पोरांमधून घुसली आणि तिने आईच्या हातावर फटका मारला. तुकडा गालिच्यावर पडला.

“बदाम,” ती म्हणाली. “माझ्या मैद्यात बदाम गेलेत.”

गाणं विरत विरत थांबलं. आईने मुलीकडे पाहिलं. तिच्या ओठावर केकचं क्रीम लागलं होतं.

“खाल्लंस? काय खाल्लंस?”

“बोटाने चाटलं फक्त,” मुलगी घाबरून म्हणाली.

क्रीममध्ये बदाम नव्हते; पण सुरी तर केकमधून फिरली होती. बाबांनी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन काढून हाताशी ठेवलं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, अंगावर पुरळ उठलं किंवा खोकला आला तर लगेच टोचा आणि घेऊन या. मुलीला खुर्चीवर बसवलं आणि सगळे तिच्या गळ्याकडे बघत बसले. ती एकदा खाकरली, तर बाबा ताडकन उठले.

“काही नाही, थुंकी गिळली,” मुलगी म्हणाली.

तेवढ्यात काका धापा टाकत पोचले. “चूक माझी आहे, हिची काही...”

“तुम्ही थांबा,” काकू म्हणाली. “चाळणीने मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

आईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “तुम्ही निर्धास्त राहा म्हणाला होतात,” ती भिंतीकडे बघत बोलली. अर्धा तास गेला, मग एक तास. पुरळ उठलं नाही. शेवटी मुलगी म्हणाली, “आई, मला भूक लागलीय,” आणि आई तिला मिठीत घेऊन हमसून हमसून रडली.

काकूने घरी येऊन डबे रिकामे केले. पुढचे तीन दिवस ती एकेका गिऱ्हाईकाला फोन करून झालेला प्रकार स्वतः सांगत होती. “गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?” शेजारीण म्हणाली. काकूने तिला चहा दिला आणि पुढचा नंबर लावला. निम्मी गिऱ्हाइकं तुटली. सुका मेवा घरात यायचा बंद झाला, आणि काकांना कपाटाला हात लावायची बंदी झाली, ती त्यांनी मुकाट्याने मानली.

अडीच महिन्यांनी मुलीची आई दारात उभी राहिली. हातात मैद्याचं न फोडलेलं पाकीट होतं.

“शाळेच्या डब्याला पाव हवाय तिला. पण मी इथे उभी राहणार. मळण्यापासून.”

“राहा,” काकू म्हणाली.

आई साडेतीन तास राहिली. चाळणी तिने स्वतःच्या हाताने धरली. पाव निघाल्यावर आईने कोपरा तोडला, बराच वेळ चघळला आणि मग विचारलं, “गरम आहे तोवर कशात गुंडाळून नेऊ?”

काकूने धुतलेला पंचा काढून दिला.