कोरी राहिलेली जागा
टर्पेंटाइनचा वास आला की उस्मानपुऱ्यातला तो फलक आठवतो. शहरासाठी झिजलेल्या माणसांची नावं मी त्यावर रंगवत होतो. यादीतले सगळे गेलेलेच असणार असं धरून प्रत्येक नावाआधी ‘कै.’ लिहिलं होतं. दुपारी छत्री टेकत एक म्हातारे गुरुजी आले. निजामाच्या काळात परवानगी नसताना त्यांनी घरात मराठी शाळा चालवली होती. स्वतःचं नाव वाचून म्हणाले, "हे ‘कै.’ पूस. हर्सूलहून पायी आलोय. मेलेला माणूस एवढं चालत नाय." मी खाली मान घालून बोळ्यानं पुसलं. पुढं गुरुजी वारले, तेव्हा समितीवाले म्हणाले, "आता लिहून टाका." मी नाय म्हणालो. ती जागा अजून कोरी आहे आणि मी आहे तोवर कोरीच राहील.