मायचा खलबत्ता आणि कोंबडीचं काळीज

हाताचं काम चांगलं होतं माझं, उगाच कशाला लाजू? नव्वदच्या दशकातल्या सुरतेत, उधन्याच्या लूम कामगाराची मुलगी पीएच.डी. करत होती, आणि कॉलेजात माझ्याइतकं नेमकं पिपेट कुणी धरत नव्हतं. विषय होता इनॉसिटॉल फॉस्फेट. म्हणजे साखरेसारखा एक लहानसा रेणू आणि त्याला चिकटलेले एक ते सहा फॉस्फेट. सहा फॉस्फेटवाला दाण्या-बियांत भरपूर असतो. प्राण्यांच्या पेशींत तो किती, हे मला मोजायचं होतं. त्या एका आकड्यावर माझा अख्खा प्रबंध उभा राहणार होता.

अडचण अशी, की जीव गेला की हे रेणू भराभर तुटतात. म्हणून मी थेट खाटकाच्या दुकानात उभी राहायची. जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या केंद्रातून मागून आणलेला द्रव नायट्रोजन शेजारी धुमसत असायचा. कोंबडीचं काळीज निघालं रे निघालं, की मी ते त्यात टाकायची. खाटीक म्हणायचा, "बहेन, कलेजी खाते हैं, जमाते नहीं!"

दगडासारखं गोठलेलं काळीज कुटताना लॅबमधला चिनी मातीचा खल थंडीने तडकला. दुसरा कधी मिळेल, देव जाणे. मी सरळ घरचा लोखंडी खलबत्ता उचलला. मायने तो चिंच लावून, राखेने तीनदा घासून दिला. "मन्ही पोरनं काम शे," असं तिच्या अहिराणीत शेजारणींना अभिमानाने सांगत घासला. त्यानंतर दोन महिने घरात शेंगदाण्याची चटणी झाली नाही.

कुटलेलं काळीज खलबत्त्यातच आम्लात विरघळवून, गाळून, नमुने दुसऱ्या शहरातल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे वजनावरून रेणू ओळखणाऱ्या यंत्रावर, पाठवले. निकालाचा कागद आला आणि मी उडीच मारली. आलेखावर सहा फॉस्फेटवाल्याचं शिखर केवढं उंच! आणि काळीज न घालता पाठवलेला कोरा नमुना अगदी स्वच्छ.

प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी कागद उलटसुलट पाहिला. "कोरा नमुना कशात कुटलास?"

"त्यात कुटायचं काय, सर? नुसतं आम्ल तर आहे."

"मग ते आम्ल खलबत्त्यात ओत, बत्ता फिरव, आणि पाठव."

मला भयंकर राग आला. पाठवलं तरी. तीन आठवड्यांनी कागद आला: काळजाचा कणही नाही, तरी तेच शिखर, जवळपास तेवढंच. वर्षानुवर्षं कुटलेले शेंगदाणे आणि तीळ लोखंडाच्या बारीक छिद्रांत बसले होते, तेच आम्लाने वर काढले. मी कोंबडी नाही, आमची चटणी मोजली होती.

घरी येऊन खलबत्ता आदळला आणि मायवर ओरडले, "नीट घासला का नाहीस? माझं सगळं वाया गेलं!" दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी माय तो खलबत्ता घासत बसायची. बोटं सोलवटली, तरी घासायची.

मी कामाला लागले. स्टीलचा नवा खल, नवी काळजं, आणि या वेळी कोरा नमुनाही त्याच खलात फिरवलेला. नवं शिखर आलं ते इवलंसं. पण खरं. कुणीही तपासावं, आजही छातीठोक सांगते.

तो कागद घेऊन घरी गेले. माय मोरीपाशी खलबत्ता घासत होती. मी तिचा हात धरला. म्हटलं, "माय, पुरे गं. तू चांगलाच घासला होतास. घासून ते निघतच नाही. कोरा नमुना त्यात फिरवायला हवा होता, तो मी फिरवला नाही. चूक माझी होती."

तिने हात पदराला पुसले. माझ्याकडे बघत म्हणाली, "मंग मन्हावर काबरं वरडनी तू?"

मी चटणीसाठी शेंगांचा डबा घेतला आणि तिच्यासमोर सोलायला बसले.