अर्धापूरची करमुक्त सहल

गेल्या दिवाळीनंतर मी बायकोला कर वाचवण्यासाठी सहलीला नेलं.

आमच्या लातूरच्या कंपनीत पगाराबरोबर प्रवासभत्ता मिळतो. रजा काढून सहकुटुंब देशात कुठेही फिरून या, तिकिटं जोडा, तेवढ्या रकमेवर कर नाही. ऑफिसातले लोक ही सवलत सोडून स्वतःच्या गाडीने गोव्याला जातात आणि परत येऊन समुद्राचे फोटो दाखवतात. तिकीट एक नाही! असल्या अडाण्यांबद्दल मला काय वाटतं, ते मी त्यांना जेवणाच्या सुट्टीत रोज ऐकवत असे. (हल्ली माझ्याबरोबर डबा खायला कोणी बसत नाही. त्याचं कारण वेगळं असावं.)

बायकोचं, म्हणजे सुनंदाचं, मागणं साधं होतं. "कुठं बी न्या. फक्त चार दिवस मला चूल नको. हॉटेलात राहू. कुणीतरी आयतं ताट पुढं आणून ठिवावं. बावीस वर्षांत एकदा तरी."

"हॉटेलच्या बिलावर सवलत नाही," मी म्हणालो. "सवलत फक्त प्रवासाला. जिथं सवलत नाही तिथं खर्च करणारा माणूस मूर्ख."

"मंग काय येस्टीतच झोपायचं का?"

एसटीत झोपायला नको म्हणून आम्ही नांदेडजवळ अर्धापूरला माझ्या चुलत भावाकडे, दिगंबरकडे गेलो. त्याची केळीची बाग आहे, घर मोठं आहे आणि पाहुण्यांकडून तो पैसे घेत नाही, या तिन्ही गोष्टींचा मी विचार केला होता. लातूर ते नांदेडची तिकिटं मी पाकिटात जपून ठेवली. सुनंदा वाटभर खिडकीबाहेर बघत होती.

दिगंबरकडे केळीचे घड उतरवणं चालू होतं. घरात जेवायला पंधरा माणसं. "बरं झालं आलात अक्का," म्हणत त्याच्या बायकोने पिठाची परात सुनंदापुढे सरकवली. सासरच्या भावकीत सून पाहुणी नसते, एवढं मला कळायला हवं होतं. पहिल्या दिवशी तिने तीस भाकऱ्या थापल्या. दुसऱ्या दिवशी मी मोजणं सोडून दिलं. मी ओसरीवर बसून दिगंबरला करसवलत समजावत होतो. शेतीच्या उत्पन्नावर त्याला करच नाही, पण त्याने बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सहस्रकुंडचा धबधबा बघायचं ठरलं. मी एसटीची वेळ विचारली तसा दिगंबर खवळला.

"दादा, दारात माझी पिकअप उभी हाय अन् तुम्ही येस्टीनं जाणार? गावात तोंड दाखवायला जागा ठिवता का न्हाई?"

"अरे, मला तिकीट पाहिजे."

"तिकिटाचे पैसे मी देतो की."

"पैसे नकोत. तिकीट पाहिजे."

दिगंबरने आधी माझ्याकडे बघितलं, मग सुनंदाकडे. "वहिनी, दादाची तब्येत बरी हाय न्हवं?"

शेवटी पिकअपच्या हौद्यात केळीच्या पानांवर बसून गेलो. धबधब्यापाशी तीन दगड मांडले गेले, कारण वहिनींच्या हातचं पिठलं खायची सगळ्यांना हुक्की आली. सुनंदा धबधब्याकडे पाठ करून धुरात बसली होती. तिचे डोळे लाल झाले होते. मला वाईट वाटलं, पण धुरानेच असेल अशी मी सोयीची समजूत करून घेतली. परत लातूरला सोडायलाही पिकअपच आली. केळी तिकडेच चालली होती.

उरली फक्त जातानाची दोन तिकिटं. ती खराब होऊ नयेत म्हणून मी लॅमिनेट करून घेतली. हा कागद तापला की काळा पडतो, हे दुकानदाराने तिकिटं मशीनमधून बाहेर आल्यावर सांगितलं.

ते काळे तुकडे घेऊन मी ऑफिसच्या अकाउंट्समध्ये गेलो. तिथल्या बाईंनी ते उजेडात धरले.

"सर, हे काय आहे?"

"तिकिटं. जरा तिरकं धरलं तर 'नांदेड' दिसतं."

"राहू द्या. एप्रिलमध्ये तुम्ही नवी करप्रणाली घेतली आहे. तिच्यात ही सवलतच नाही."

"मी घेतली?"

"तुम्हीच. कागदपत्रं जोडायची कटकट नको म्हणालात."

घरी येऊन हे सुनंदाला सांगताना मला खरोखर लाज वाटली.

"म्हंजे हॉटेलात राहिलं काय अन् न्हाई राहिलं काय, कर तेवढाच?"

"तेवढाच."

तिने फोन करून नांदेडच्या एका हॉटेलात चार दिवसांची खोली सांगितली आणि बॅग भरायला घेतली. मीही माझे शर्ट आणून दिले. तिने ते परत कपाटात ठेवले.

"बाईमाणसाला येस्टीत अर्धं तिकीट हाय. तुमचं पुरं पडतंय. उगं कशाला खर्च?"

तिच्या हिशेबात मला एकही चूक काढता आली नाही. ती गेली. रविवारी दुपारी मी चहा करायला उठलो, तर साखरेचा डबा कुठला ते माहीत नव्हतं. तिला फोन केला.

"फोन मागून करा," ती म्हणाली. "आत्ता माझं ताट आलंय."

अंदाजाने एक डबा उघडला. चहा खारट झाला. तरी सगळा प्यालो. दुधाचे पैसे दिलेले होते.