सत्त्याहत्तर टक्क्यांची बॅटरी

रेमी शास्तांइतका भिडस्त पाववाला अख्ख्या फ्रान्समध्ये सापडायचा नाही. लोझेरच्या डोंगरात आमचं गाव आणि वर विखुरलेल्या सात वाड्या. तिथली दुकानं केव्हाच बंद पडलेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार रेमी व्हॅनमधून पाव घेऊन निघायचा आणि प्रत्येक वाडीला हॉर्न वाजवायचा. ज्यांना बाहेर येणं जमत नसे ते दारावर पिशवी टांगून ठेवत. पिशवी दिसली नाही की हा उतरून आत डोकावायचा. त्यामुळे दोन म्हातारे वेळेवर दवाखान्यात पोचले, पण त्याच्या तोंडून ते कधी कुणी ऐकलं नाही.

मी गॅरेजवाला. त्याची डिझेलची व्हॅन धापा टाकायला लागली तेव्हा विजेची घे, हे मीच त्याच्या डोक्यात भरवलं. व्हॅन आपली, बॅटरी कंपनीची, महिन्याला भाडं द्यायचं, बिघडली तर तेच बदलून देणार. जुनी गाडी त्याने भंगारात घातली. लोकांना शहाणपण शिकवायची मला हौस दांडगी.

चार वर्षं बरी गेली. पाचव्या वर्षी चढावर बॅटरी भराभर उतरायला लागली. करारात लिहिलं होतं, ताकद पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेली तरच नवी मिळेल, आणि मोजणार कंपनीच. जूनच्या उन्हाळ्यात त्यांनी शहरातल्या वर्कशॉपात मोजली. सत्त्याहत्तर भरली. भांड त्यांच्याशी, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "सही मीच केलीय ना." मला त्या बॅटरीला हात लावता येत नव्हता, तिच्यावर कंपनीचं सील होतं.

नोव्हेंबरात थंडी पडली, बॅटरी आणखी लवकर उतरायला लागली आणि सत्त्याहत्तर टक्के म्हणजे काय ते कळलं. हीटर बंद ठेवून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन तो फेरी करायचा. तरीही एकदा शेवटच्या चढावर गाडी मेलीच. कंपनीचा माणूस ओढून न्यायला आला तो सात तासांनी. त्या चढाच्या वर एकच घर, ब्रुजेर म्हातारीचं. एकटी बाई, एक कुत्रा, पाच कोंबड्या. हात कायम सुईवर. तिच्या घरात फाटलेलं काही संध्याकाळपर्यंत फाटकं राहत नसे.

पुढच्या फेरीला रेमीने व्हॅन चढाखालच्या फाट्यावर ठेवली आणि तो पायी वर गेला. खाली मान घालून म्हणाला, "मादाम ब्रुजेर, यापुढे मी फाट्यापर्यंतच येऊ शकेन."

"एवढं तोंड कशाला पाडतोस, पोरा? माझे गुडघे नाही म्हणतात, पण फिनोचे चार पाय धड आहेत. त्याला पाठवीन."

आणि खरंच, फाट्यावर हॉर्न वाजला की फिनो गळ्यात ठिगळांची पिशवी घेऊन उड्या मारत खाली यायचा. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक अंडं असायचं. ते पावाच्या हिशेबातलं नव्हतं, म्हातारीने रेमीला म्हणून दिलेलं. अंडं काढून घ्यायचं, अर्धा पाव ठेवायचा, तोंड बांधायचं. रेमीने ते येऊन मला तीनदा सांगितलं, इतका तो खूश होता.

जानेवारीतल्या एका मंगळवारी पिशवी रिकामी आली. परतताना तो गॅरेजात डोकावला. अंडं नव्हतं, म्हणाला, वर जाऊन बघू का? मी एका गाडीखाली पडलो होतो. बाहेरही न येता मी म्हटलं, "अरे, थंडीत कोंबड्या अंडी देत नाहीत. पाववाला तो पाववालाच, कोंबड्यांतलं तुला काय कळणार?" तो हसला आणि गेला. माझी पिकअप दारातच उभी होती, टाकी भरलेली. चल, वर जाऊन येऊ, एवढं बोलायला काय लागत होतं?

गुरुवारी फेरी करून तो परस्पर घरी गेला, गॅरेजात आला नाही. शनिवारी आला, पण दारात नुसता उभा राहिला. मी विचारलं, आज तरी अंडं मिळालं का.

"नाही. पिशवीला भोक पडलंय, कोपऱ्यात. परवाही होतं."

"मग?"

"तिने शिवलं नाही."

मी हातातला पाना तिथेच टाकला. पिकअपने वर पोचायला आम्हाला अकरा मिनिटं लागली.

म्हातारी खुराड्यापाशी बर्फात पडलेली होती, एक पाय वाकडा. एप्रनच्या खिशात वर्तमानपत्राचा चौकोनी तुकडा. मंगळवारी तिने आधी कुत्र्याच्या गळ्यात पिशवी अडकवली असणार आणि मग अंडं आणायला गेली असणार. हॉर्न वाजल्यावर फिनो सवयीने खाली गेला. पिशवी काढायला कुणी नव्हतं, म्हणून कोपरा फाडून पाव त्याने खाल्ला. खुराड्यात पाच अंडी होती, थंडीने तडकलेली. कोंबड्यांनी अंडी देणं काही थांबवलेलं नव्हतं.

रेमीने डॉक्टरांना विचारलं. त्याने विचारायला नको होतं. ते म्हणाले, बुधवार सकाळपर्यंत तरी जीव असावा. म्हणजे मंगळवारचा हॉर्न तिने ऐकला होता.

रेमी मला टाकून बोलला असता तर बरं झालं असतं.

मार्चमध्ये कंपनीने बॅटरी पुन्हा मोजली. चौऱ्याहत्तर. कराराप्रमाणे पैसाही न घेता नवी बसवून दिली, आणि आता ती व्हॅन तो चढ सहज चढेल. फिनो माझ्याकडे असतो. त्याला आणल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी कोपऱ्यावर हॉर्न वाजला तसा तो उठला, रस्त्यात जाऊन मान पुढे करून उभा राहिला. तेव्हापासून रेमी माझ्या गॅरेजवरून जाताना हॉर्न वाजवत नाही.